शाळेच्या टाकीचं पाणी: जूनआधी नेमकं काय करून घ्यायचं?

परळकर_पालक

परळच्या एका अनुदानित शाळेच्या पालक-शिक्षक संघातर्फे विचारते आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडेल. हातात बारा दिवस आहेत, पैसे बेताचेच.

पट ९००, सकाळ-दुपार दोन सत्रं. महापालिकेचं पाणी पहाटे साडेचार ते सात येतं. ते अंगणातल्या जमिनीखालच्या सक्शन टँकमध्ये पडतं (३०,००० लिटर), तिथून मोटरने गच्चीवरच्या दोन सिमेंटच्या टाक्यांत चढतं (प्रत्येकी १०,००० लिटर). पिण्यासाठी तळमजल्यावर एक ८० लिटरचा कूलर, त्याआधी कार्बन फिल्टर आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा). वरच्या दोन मजल्यांवर टाकीचेच साधे नळ आहेत आणि मुलं तेही पितात. टाक्या वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत धुतात. गेल्या पावसाळ्यात पोटदुखी-उलट्यांच्या तक्रारी बऱ्याच आल्या, दोघातिघांना कावीळही झाली.

फिल्टरवाला म्हणतो, आरओ बसवा, दीड लाख. मुख्याध्यापिका म्हणतात, टाकी परत धुऊन घेऊ. पालकांतले काहीजण म्हणतात, घरून उकळलेलं पाणी द्या आणि विषय संपवा. यातलं खरोखर कामाचं काय? आणि शिपाईदादांना रोज सांभाळता येईल असं काय?

---

जलखाते_निवृत्त

कोटेशन आठवडाभर बाजूला ठेवा आणि आधी मोजा. पाण्यातला क्लोरीन मोजायचा क्लोरोस्कोप काहीशे रुपयांना मिळतो, ग्रामपंचायतीचे पाणीवाले वापरतात तोच: काचेच्या नळ्या, ऑर्थोटोलिडिन या रसायनाची छोटी बाटली आणि पिवळ्या छटांची पट्टी. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, बाटलीवर लिहिलेत तेवढे थेंब टाका, हलवा आणि लगेच, म्हणजे दहा सेकंदांच्या आत, रंग जुळवा. इथंच बहुतेक जण चुकतात. नळी खिडकीत ठेवून पाच मिनिटांनी बघतात, तोवर रंग गडद होतो आणि "भरपूर क्लोरीन आहे" अशी नोंद होते. उशिरा चढणारा तो रंग घाणीशी आधीच बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो. जंतू मारायला उपयोगी तो मोकळा क्लोरीन, आणि तो पहिल्या काही सेकंदांतच दिसतो. ऑर्थोटोलिडिन विषारी आहे. तपासलेलं पाणी मोरीत ओता, बाटली कुलपात ठेवा, विज्ञानाच्या तासाला मुलांच्या हातात देऊ नका.

मोजायचं तीन ठिकाणी. पहाटे पाणी चालू असताना महापालिकेचा पाइप सक्शन टँकमध्ये पडतो तिथं. मग गच्चीच्या टाकीत. मग दुपारी बाराच्या सुमारास टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळाला. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मागतं. पावसाळ्यात शेवटच्या नळाला ०.२ ते ०.५ च्या मध्ये दिसला की तुमचं बरं चाललंय.

आकडे वाचायचे कसे? आत येणाऱ्या पाण्यालाच शून्य असेल तर दोष शाळेबाहेर आहे. महापालिकेच्या १९१६ या फोनवर तक्रार करा, क्रमांक लिहून घ्या आणि तुमच्या एफ दक्षिण वॉर्डाच्या जलकामे विभागात लेखी द्या. मुंबईत पाणी ठरावीक तास येतं. उरलेल्या वेळी पाइपात दाब नसतो, आणि पाइप जुना, चिरलेला असेल तर आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून पाणी सुरू झाल्यावरची पहिली पाच-दहा मिनिटं वाईट. शक्य असेल तर तेवढं पाणी बाजूच्या तोटीने अंगणात सोडून द्या, टाकीत घेऊ नका. आत येताना ०.५ आणि गच्चीवर ०.१ दिसलं, तर क्लोरीन तुमच्या टाक्या खातायत, गाळ साचलाय. गच्चीवर ठीक आणि नळाला शून्य, तर पाइपात शेवाळ आहे किंवा पाणी कुठंतरी थांबून राहतंय. तीन आकडे मिळाले की कुठं खर्च करायचा ते आपोआप कळतं.

आता धुणं. वर्षातून एकदा पुरत नाही, दर सहा महिन्यांनी हवं, आणि त्यातलं एक पावसाच्या तोंडावर. तुमच्याकडे दिवाळीत होतं आणि पावसाळा जुन्या गाळावर जातो.

आधी सक्शन टँक, मग गच्ची. बहुतेक ठिकाणी उलटं होतं, कारण गच्चीची टाकी हाताशी असते. मग दुसऱ्या दिवशी खालचा गाळ मोटरबरोबर वर चढून नुकत्या घासलेल्या टाकीत जाऊन बसतो. आदल्या दिवशी गच्चीच्या टाक्या भरून ठेवा, म्हणजे खालचं काम चालू असताना इमारतीला पाणी राहील. सकाळचं पाणी येण्याआधी टाकीत पाणी आणणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करा. पाणी वापरून तळाशी अर्धा फूट राहू द्या, त्यातच नायलॉनच्या ब्रशने भिंती, कोपरे आणि झाकणाची आतली बाजू घासा. लोखंडी तारेचा ब्रश नको, प्लास्टर निघतं आणि त्या खड्ड्यांत पुन्हा शेवाळ धरतं. गाळ वेगळ्या मडपंपाने काढा. तुमची नेहमीची मोटर लावलीत तर तोच गाळ वरच्या पाइपात शिरेल.

निर्जंतुकीकरणाला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. चांगल्या, सीलबंद पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं फोडून महिनोन्महिने पडलेली, ढेकळं झालेली पावडर वजनाने तेवढीच भरते, पण तिच्यातला दम गेलेला असतो. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात लापशी करा, मग पाणी वाढवा, दहा मिनिटं निवळू द्या आणि वरचं निवळच वापरा. खाली बसतो तो चुना. तो टाकीत गेला की तळाला थर धरतो.

गच्चीच्या एका टाकीला लिटरमागे ५० मिलिग्रॅम या हिशेबाने १०,००० लिटरला ५०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे दीड किलो टीसीएल लागेल. टाकी भरून किमान १२ तास, जमलं तर २४ तास ठेवा. मग सगळ्या मजल्यांचे नळ एकेक करून वास येईपर्यंत सोडा, बंद करा आणि ते पाणी रात्रभर पाइपात राहू द्या. पाइप धुण्याची हीच संधी. तोवर प्रत्येक नळाला "पिऊ नये" असा कागद लावा. दुसऱ्या टाकीला एवढं पाणी घालवायची गरज नाही. तिथं आणि सक्शन टँकला लिटरला २०० मिलिग्रॅमचं पाणी भिंतींना फासून अर्धा तास ठेवायचं आणि धुऊन टाकायचं. २० लिटरच्या बादलीला १२ ग्रॅम टीसीएल. ३०,००० लिटरच्या टाकीला तीन बादल्या पुरतात. टाकी भरून क्लोरीन करायचा म्हटलं तर साडेचार किलो पावडर आणि अख्खं ३०,००० लिटर पाणी गटारात जाईल. अडीच तास पाणी येणाऱ्या शाळेला ते परवडायचं नाही.

रोजचं काम एवढंच: शेवटच्या नळाला ०.२ पेक्षा कमी दिसलं तर गच्चीच्या टाकीत हजार लिटरमागे ३ ग्रॅम टीसीएलचं निवळ घाला, म्हणजे भरलेल्या टाकीला ३० ग्रॅम. एक तास थांबा, पुन्हा मोजा, वहीत तारीख, वेळ, नळ, आकडा लिहा. मुठीने किंवा अंदाजाने नाही. स्वयंपाकाचा छोटा डिजिटल काटा घ्या.

---

हेल्मेट_आधी

वरच्यांचं सगळं बरोबर, पण सक्शन टँकबद्दल एक गोष्ट राहिली आणि ती आधी यायला हवी होती. शिपाईदादांना त्या टाकीत उतरवू नका. कोणालाच "पटकन जाऊन ये" म्हणू नका.

जमिनीखालच्या बंद टाकीत प्राणवायू कमी झालेला असू शकतो आणि गाळ ढवळला की त्यातला वायू वर येतो. वास येत नाही म्हणजे हवा चांगली, असं धरू नका. मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात, बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत चार कामगार गुदमरून गेले. अशा घटनांत एक उतरतो, पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. म्हणून नियम एकच: आतला माणूस पडला तर बाहेरच्याने उडी मारायची नाही. दोरीने ओढायचं आणि १०१ ला फोन करायचा.

ठेकेदाराला कामाआधी चार गोष्टी विचारा. वायू मोजायचं यंत्र आहे का? प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. ब्लोअर आहे का? दोन्ही झाकणं उघडून किमान अर्धा तास हवा मारायची आणि माणूस आत असेपर्यंत तो चालूच ठेवायचा. कमरेचा नव्हे, अख्ख्या अंगाचा पट्टा आणि वर तिवई आहे का? तोंडाशी सतत उभा राहणारा माणूस कोण? या चारांतलं एक जरी "काय गरज आहे साहेब" असं निघालं तर दुसरा ठेकेदार बघा. पेटती मेणबत्ती सोडून हवा तपासायची जुनी युक्ती अजून चालते, ती करू देऊ नका.

पेट्रोलचा पंप टाकीच्या आत किंवा तोंडाशी ठेवू नका, त्याचा धूर आतच उतरतो. विजेचा पाण्यातला पंप चालू असताना माणूस पाण्यात नको. दिवा २४ व्होल्टचा. २३० चा होल्डर वायरीला लटकवून ओल्या टाकीत सोडतात, ते पाहवत नाही.

आणि वर सांगितलेलं २०० मिलिग्रॅमचं पाणी बंद टाकीत फासताना क्लोरीन डोळ्यात-घशात जातो. लांब दांड्याच्या मॉपने तोंडाशी उभं राहून पोचेल तेवढं बाहेरूनच करा, उरलेलं ब्लोअर चालू ठेवून. टीसीएल ॲसिड किंवा संडास साफ करायच्या लिक्विडबरोबर एका कपाटात ठेवू नका. दोन्ही एकत्र सांडली तर विषारी वायू सुटतो, आणि शाळेत ही कपाटं बहुतेक जिन्याखाली असतात.

---

जलखाते_निवृत्त

मान्य. मॉपची सूचना माझ्या उत्तरात धरून वाचावी.

टाकीच्या झाकणाबद्दलही सांगायचं राहिलं. अंगणाच्या फरशीशी सपाट झाकण असेल तर पहिल्याच जोराच्या सरीत अंगणातली घाण फटीतून आत जाते. तोंडाभोवती किमान अर्धा फूट उंच कठडा बांधून घ्या आणि त्यावर कडेने खाली वळणारं, कुलूप लागणारं झाकण बसवा. परळ-हिंदमाता पट्ट्यात पाणी भरतं तेव्हा कठडाही पाण्याखाली जाऊ शकतो. तसं झालं तर नुसती टीसीएल वाढवून चालणार नाही. टाकी पूर्ण उपसायची, घासायची, मग भरायची. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतो. आणि टाकीजवळ गटाराचं चेंबर असेल तर कामाच्या दिवशी टाकीच्या आतून त्या बाजूच्या भिंतीला ओल झिरपते का तेवढं बघून ठेवायला सांगा.

---

कूलर_तंत्रज्ञ

आरओबद्दल सरळ सांगतो: महापालिकेच्या पाण्याला त्याची गरज नाही. भातसा, तानसा, वैतरणा वगैरे तलावांचं पाणी गोडं, क्षार कमी. आरओ क्षार काढायला असतो. बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर तेव्हा बघू. वर तो एक लिटर पाणी देताना त्याहून जास्त सांडपाणी सोडतो, ते अडीच तासांच्या पुरवठ्यातून जाणार.

विक्रेता दोन प्रयोग दाखवेल. एकात पेनासारखा टीडीएस मीटर बुडवेल. तो फक्त विरघळलेले क्षार सांगतो, जंतूंबद्दल एक अक्षर नाही. गटाराचा एक थेंब पडलेलं पाणीही त्यावर छान दिसेल. दुसऱ्यात दोन ग्लासांत विजेच्या कांड्या घालेल, नळाच्या पाण्यात तपकिरी फेस येईल, आरओच्यात नाही. तो फेस पाण्यातल्या घाणीचा नसतो. क्षारांमुळे वीज वाहते आणि कांडीचं लोखंड विरघळतं, त्याचा तो रंग. बरोबर मिनरल वॉटरची बाटली न्या आणि तीच कांडी तिच्यात घालायला सांगा.

तुमची कमकुवत जागा कूलर आहे. कार्बन फिल्टर वास घालवतो, म्हणजे क्लोरीनच काढून टाकतो. यूव्ही दिव्याखालून जाताना जंतू मरतात, पण पुढं पाण्यात संरक्षण काहीच उरत नाही. ते पाणी कूलरच्या टाकीत पडतं. रात्री आणि रविवारी कूलर बंद, पाणी कोमट, क्लोरीन शून्य. सोमवारी सकाळी पहिल्या तासाला मुलं तेच पितात. म्हणून सोमवारी, आणि सुट्टीनंतर कधीही, मागच्या निचऱ्याच्या बुचातून ८० लिटर पूर्ण सोडा आणि मग भरा. सोडलेलं पाणी फरशी धुवायला वापरा.

महिन्यातून एकदा कूलर आतून: झाकण काढा, मऊ ब्रशने घासा, पाणी भरून ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट ८० मिलिलिटर घाला (तेही लिटरला ५० मिलिग्रॅमच होतं). सगळ्या तोट्या क्षणभर उघडून त्यांच्यातही ते येऊ द्या, अर्धा तास थांबा, सोडा, दोनदा विसळा. अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, स्टीलला डाग पडतात आणि वेल्डिंगच्या सांध्यांना गंज धरतो. हायपोच्या बाटलीवरची उत्पादनाची तारीख बघा. उन्हात ठेवलेली जुनी बाटली नुसतं खारट पाणी असते.

तोटीचं टोक विसरू नका. मुलं तिला तोंड लावतात, बाटलीचं तोंड घासतात, बोटं घालतात. रोज सकाळी बाटली धुवायच्या छोट्या ब्रशने टोक आतून-बाहेरून घासायचं. साखळीने बांधलेला स्टीलचा ग्लास असेल तर आजच काढा.

यूव्हीचा दिवा जळतोय म्हणजे काम करतोय असं नाही. साधारण ८,००० ते ९,००० तासांनंतर निळा उजेड तसाच दिसतो, पण जंतू मारायची ताकद उतरलेली असते. बदलल्याची तारीख डब्यावरच मार्करने लिहा. दिव्याभोवतीची काचेची नळी पांढुरकी झाली असेल तर नवा दिवाही फुकट.

शेवटचं, शॉक. ओल्या फरशीवरचा कूलर आणि ओल्या हातांची मुलं. कूलरच्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा. मीटरजवळ १०० किंवा ३०० चा असतो, तो आग टाळायला, माणूस वाचवायला नाही. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, फटकन पडलं पाहिजे. नाही पडलं तर त्याच दिवशी बदला. पावसाळ्यात तो सारखा पडायला लागतो आणि कोणीतरी वायरमन वैतागून त्याला बायपास करतो. पडतोय म्हणजे गळती आहे. कूलरचा प्लग काढून ठेवा आणि गळती शोधा. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नको, सॉकेट भिंतीवर, मुलांच्या हाताच्या वर, आणि अर्थिंग मोजून घेतलेलं.

---

आरोग्यसेविका_लालबाग

काविळीबद्दल. मुलांत पाण्यातून पसरते ती बहुतेक 'अ' प्रकारची. शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे व्हायला १५ ते ५० दिवस लागतात, सरासरी महिना. म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मूल पिवळं दिसलं तर जुलैच्या सुरुवातीचं पाणी किंवा खाणं तपासायला हवं. आज टाकीचा नमुना स्वच्छ आला म्हणून शाळा सुटली असं होत नाही, आणि घाण आला म्हणून तेच कारण असंही नाही. यासाठीच क्लोरीनची वही लागते. महिन्यापूर्वीचे आकडे दुसरीकडे कुठं मिळणार?

त्याहून अडचणीची गोष्ट अशी की मूल सर्वांत जास्त विषाणू बाहेर टाकतं ते पिवळं होण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत, तेव्हा ते शाळेतच असतं. कावीळ दिसल्यावर किमान आठवडाभर घरी. पण वर्गातल्या बाकीच्यांसाठी संडासाजवळ साबण असणं जास्त महत्त्वाचं. सॅनिटायझर त्या जागी चालत नाही, जुलाब-उलट्यांच्या काही विषाणूंवर अल्कोहोल फारसा चालतच नाही. साबणाची वडी चोरीला जाते ही प्रत्येक शाळेची तक्रार. जुन्या मोज्यात किंवा जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधा. लिक्विड सोपमध्ये पाणी ओतून वाढवतात, ते करू नका, पातळ साबणात जंतू वाढतात.

हजेरी बघा. एकाच वर्गात, किंवा एकाच मजल्याचे नळ वापरणाऱ्या वर्गांत, दोन दिवसांत तिघांना उलट्या-जुलाब झाले की वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा. गैरहजेरीचं कारण वर्गशिक्षकांनी एका शब्दात लिहायचं: ताप, जुलाब, कावीळ, इतर. एवढ्यावर खूप काही कळतं. त्याच दिवशी पाण्याचा नमुना घ्यायचा असेल तर घरची बाटली चालत नाही. प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली हवी, तिच्यात क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट असतं, म्हणून ती आधी विसळायची नाही. नळाचं टोक पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा, भरा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) एकही नको.

ऑफिसात ओआरएसची पाकिटं ठेवा. पाकीट २०.५ ग्रॅमचं, पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात घालून देतात, ते खारट होतं, मूल ओकतं आणि उलट त्रास होतो. चमच्याने किंवा घोट-घोट द्या, केलेलं पाणी २४ तासांनंतर टाका. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी नाही, तर पालकांची वाट न बघता केईएम रुग्णालयात न्या.

डासही टाकीशीच जोडलेले आहेत. मुंबईत हिवतापाचा डास स्वच्छ पाण्यात, गच्चीच्या टाक्यांत अंडी घालतो. झाकण घट्ट, ओव्हरफ्लो आणि हवेच्या पाइपाला स्टीलची बारीक जाळी (नायलॉनची एका उन्हाळ्यात तुटते) आणि तपासनीसाला चढता येईल अशी पक्की शिडी, हे महापालिका तपासतेच. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे शाळेच्या वेळेत. त्याला कुंडीखालची ताटली, गच्चीवरचे मोडके बाक, फ्रिजमागचा ट्रे एवढं पुरतं. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस, म्हणून शनिवारी एक फेरी. नुसतं पाणी ओतून देऊ नका, ताटली आतून घासा. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने जिवंत राहतात.

घरून पाणी आणण्याला हरकत नाही, पण लिटरभर पाणी सत्र संपायच्या आत संपतं आणि बाटली नळावरच भरली जाते. बाटलीच्या स्ट्रॉचा रबरी भाग काढून बघा, काळी बुरशी तिथंच असते. वरच्या वर्गांतल्या मुली पाणीच पीत नाहीत ते संडासाला धड कडी आणि नळाला पाणी नसल्यामुळे. लघवीची जळजळ घेऊन मग दवाखान्यात येतात. टाकी कितीही स्वच्छ केलीत तरी हे वेगळं बघावं लागेल.

---

परळकर_पालक

सगळ्यांचे आभार. क्लोरोस्कोप आणला, काल-आज मोजलं. आत येताना ०.५. गच्चीची एक टाकी ०.३, दुसरी ०.३. कूलरची तोटी शून्य. पहिल्या मजल्यावरचे नळ ०.२. दुसऱ्या मजल्यावर जिन्याजवळचे दोन नळ ०.२, पण त्याच मजल्यावर टोकाच्या नळाला शून्य, आणि पहिल्यांदा सोडल्यावर थोडं पिवळट आलं. दोन्ही टाक्यांचं पाणी एकाच पाइपाने खाली येतं. मग एकाच नळाला असं का?

---

जलखाते_निवृत्त

कूलरला शून्य अपेक्षितच, कार्बन फिल्टर आहे. तिथं वर सांगितलेलं सोमवारचं वेळापत्रक पाळा. गच्चीवर ०.३ म्हणजे टाक्या अगदी वाईट नाहीत, तरी धुवाच.

टोकाच्या नळाच्या पुढे पाइप कुठं जातो ते बघा. जुन्या इमारतींत तिथं पूर्वी प्रयोगशाळेची मोरी किंवा बंद केलेला संडास असतो. नळ काढून टोकाला प्लग मारलेला असतो, पण मधला आठ-दहा फूट पाइप भिंतीत तसाच राहतो. त्यातलं पाणी कधी हलत नाही, क्लोरीन संपतो, लोखंडी पाइप असेल तर गंज सुटतो आणि नळ उघडला की थोडंथोडं मागून ओढलं जातं. तुमचा पिवळा रंग त्यातलाच असावा.

तपासायला सोपं: तो नळ पूर्ण उघडून दहा मिनिटं सोडा आणि लगेच मोजा. ०.२ आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शून्य, तर अडकलेलं पाणीच. प्लंबरला सांगताना नेमकं सांगा: बंद तुकडा टीच्या (पाइपाच्या तीन तोंडी जोडाच्या) जागी कापायचा आणि टी काढून तिथं सरळ सॉकेट, म्हणजे दोन तोंडी जोड, बसवायचं. टोकाला नवा प्लग मारून उपयोग नाही, तो आधीच मारलेला आहे. आणि तिथं बंद संडास निघाला तर त्याच्या फ्लशच्या टाकीला जाणारी लाइन त्याच पाइपावर अजून जोडलेली आहे का, तेही त्याच दिवशी बघून घ्या. असेल तर ती आधी तोडा. काम होईपर्यंत त्या नळाची तोटी काढून ठेवा, नुसता कागद लावलात तर मुलं पितातच.